अंगठा, टोपणनाव आणि सही

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या पेडणे तालुक्यातील जुन्या घराची कौले परतायला घेतली, तेव्हा माडीवरचा फणसाच्या फळ्यांचा पेटारा खाली उतरवावा लागला. आत वाळवीने अर्धे खाल्लेले पंचांग, पितळेचा अडकित्ता आणि लाल फडक्यात बांधलेले कागद होते. त्यांत एक खरेदीखत निघाले. साल १९४७. भाषा पोर्तुगीज. आमच्या आजोबांनी नदीकाठचा माडांचा एक तुकडा विकला, त्याचा तो दस्त. खाली आजोबांची मोडी वळणाची सही, आणि तिच्या शेजारी निळसर काळा डाग. तो आजीचा अंगठा.

मी इतिहासाचा माणूस. मराठी घेऊन एम. ए. झालो खरा, पण नोकरीची निम्मी वर्षे इतिहासच शिकवला, त्यामुळे जुना कागद दिसला की तो उजेडात धरून पाहायची सवय जडली आहे. त्या दिवशी मात्र कागदापेक्षा तो अंगठाच पाहत बसलो. ज्या भाषेत दस्त लिहिला होता तिचे एक अक्षर आजीला कळत नव्हते. ती बोलायची त्या बोलीत दस्त लिहिण्याची रीत नव्हती, आणि देवळातल्या पुराणिकाकडून ऐकून कळणारी मराठी तिला लिहिता येत नव्हती. तरीही तिच्या अंगठ्याशिवाय तो तुकडा विकता आला नसता. असे का, हे आमच्या सीमेपलीकडच्या वाचकांना थोडे सांगावे लागेल.

पोर्तुगालचा १८६७ चा दिवाणी कायदा १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाला. लग्न होताच नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरायची, निम्मा वाटा बायकोचा, आणि स्थावर विकायचे तर दोघांच्याही सह्या, असा तो कायदा. मुलीचा वारसा मुलाइतकाच. तेरेखोलच्या पलीकडे, सावंतवाडीकडच्या आमच्या आत्या-मावश्यांना वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या बरोबरीने हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि सबंध देशात २००५ साल उजाडावे लागले. आमच्याकडे तो शंभर-सव्वाशे वर्षे आधीच कागदावर होता. गोवेकर मंडळी हे अभिमानाने सांगतात, मीही वर्गात सांगत आलो.

पण इतिहास शिकवणाऱ्याने दुसरे पानही उलटावे. १६ डिसेंबर १८८० रोजी गोव्यातील हिंदूंच्या चालीरीतींना मान्यता देणारा हुकूम निघाला. त्यात काही ठरावीक परिस्थितीत नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची मुभा होती. बायकोला पंचविशीपर्यंत मूलच झाले नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, ही त्यांतली कारणे. अट अशी की पहिल्या बायकोची संमती हवी. म्हणजे माडांचा तुकडा विकायला अंगठा लागे, तसाच सवत आणायलाही तो लागे. तो अंगठा कसा मिळवला जात असेल, हे गावात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. मुलींच्या वारसाहक्काचेही तेच. लग्न झालेल्या बहिणी एखादे लुगडे आणि चार नारळ घेऊन भावाच्या नावे हक्क सोडून देत आल्या आहेत, आणि आजही देतात. तसे न करणारी बहीण माहेरच्या चतुर्थीला मुकते.

कायद्याने बाईला वाटा दिला होता. तिचे म्हणणे काय, हे मात्र कुणी विचारले नव्हते. या दोन गोष्टींतले अंतर मला कायद्याच्या पुस्तकांपेक्षा कथा-कादंबऱ्यांत अधिक स्पष्ट दिसते. तेवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आता, आजीला आवाज नव्हता असे म्हटले तर ती वरून हसेल. पौषातल्या चांदण्या रात्री आमच्या वाड्यावर धालो रंगत. मांडावर बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहत आणि एक रांग गाऊ लागली की दुसरी तिला उत्तर देई. पुरुषांना तिथे मज्जाव. शेवटच्या रात्री बायकाच सोंगे काढीत, आणि कुणाचा नवरा कसा चालतो, कुणाचा भाटकार कसा बोलतो, याच्या नकलांना ऊत येई. पेडणे, डिचोली, सत्तरीच्या वाड्यावाड्यांवर हे चालत आले आहे. जात्यावरच्या ओव्यांत तर सासर-माहेर, सवत, मेलेले मूल सगळे आले. मात्र या गाण्यांना कर्तीचे नाव नाही. कोणती ओवी कुणी रचली हे कुणालाही सांगता येत नाही. बाई बोलली, पण सगळ्यांच्या आडून बोलली. ‘हे मी म्हणते’ असे म्हणण्याची जागा मांडावर नव्हती. ती जागा कथा-कादंबरी या नव्या प्रकाराने दिली, आणि तिथे पोहोचायला बाईला फार वेळ लागला.

मराठी कादंबरीत बाई बोलू लागली ती पुरुषाच्या लेखणीतून. १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी हे आपल्या बेळगावचे; १८३१ साली त्यांचा जन्म तिथे झाला. विधवांची स्थिती जगापुढे मांडणारी ती कादंबरी. पुढे १८९० पासून हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः दिली, तीही एका यमुनेचीच कहाणी, आणि सबंध तिच्याच तोंडून सांगितलेली. पुण्यातला एक पुरुष ‘मी’ म्हणून एका बाईचे आयुष्य लिहितो आणि ते खोटे वाटत नाही, हे त्यांचे सामर्थ्य. वि. स. खांडेकरांचे नाव तर आम्हा पेडणेकरांना घरचे. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे ते शिरोड्यात शिक्षक होते, म्हणजे आमच्या खाडीच्या पलीकडे. त्यांच्या ‘ययाति’त देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतःची प्रकरणे स्वतः सांगतात. मात्र खांडेकरांच्या बायका फार शहाण्या, फार सोशिक. त्या रागावल्या तरी सुभाषितात रागावतात. मी त्यांचा भक्त आहे, तरी हे लिहितो.

स्त्रीने स्वतः लिहिण्याचा मान काशीबाई कानिटकरांकडे जातो. जन्म १८६१ चा, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांची ‘रंगराव’ कादंबरी पुस्तकरूपाने १९०३ साली आली. १९२८ च्या ‘पालखीचा गोंडा’मध्ये त्यांनी बायकांच्या हाती कारभार असलेले एक संस्थानच कल्पिले. पण काशीबाईंची बाई अजून ‘आम्ही’ म्हणून बोलते. सुधारणा व्हावी, शिक्षण मिळावे, असे तिचे म्हणणे. तिला एकटीला काय हवे, हा प्रश्न उघड्यावर यायचा होता.

तो आला १९३३ साली.

या वर्षी दोन गोष्टी घडल्या. वाङ्मयेतिहासात त्या वेगवेगळ्या प्रकरणांत सांगतात, एक कथेच्या आणि दुसरी रंगभूमीच्या. मला त्या एकत्र ठेवाव्याशा वाटतात, कारण त्यांतल्या एकीत आमच्या गोव्याची मुलगी आहे.

पहिली गोष्ट ‘कळ्यांचे निःश्वास’. लेखिका विभावरी शिरूरकर, प्रकाशक ह. वि. मोटे. या कथांतल्या मुली शिकलेल्या आहेत, नोकरी करतात, घर चालवतात. आईबापांना त्यांचा पगार हवा आहे, म्हणून त्यांच्या लग्नाची कुणाला घाई नाही. आणि या मुलींना मन आहे, शरीरही आहे, हे लेखिकेने आडपडदा न ठेवता लिहिले. महाराष्ट्र हादरला. मासिकांतून, वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला. ही विभावरी कोण, याचे तर्क चालले. कुलीन घरातली बाई असे लिहूच शकणार नाही, हा कुणी चावट पुरुष असला पाहिजे, असेही लोक खात्रीने म्हणू लागले. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ आली. तिच्यात नवऱ्याने टाकलेली स्त्री दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार मांडू पाहते, आणि तिला मूल हवे असते. मग तर विचारायलाच नको.

ही विभावरी म्हणजे बाळूताई खरे. जन्म १९०५. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या आणि तिथेच शिकवणाऱ्या. वडील घोडनदीला, म्हणजे शिरूरला असत, त्यावरून ‘शिरूरकर’. विभावरी म्हणजे रात्र. अंधारात उभे राहून बोलणाऱ्या बाईला याहून योग्य नाव कोणते असेल! यातली मौज अशी की ‘हिंदुव्यवहार धर्मशास्त्र’ या ग्रंथाच्या सहलेखिका म्हणून बाळूताई खऱ्यांचे खरे नाव छापले गेले होते. धर्मशास्त्रावर लिहायला त्यांचे नाव चालत होते. चार मुलींच्या मनातले लिहायला ते चालणार नव्हते. कन्याशाळेतल्या बाईंनी असे लिहिले म्हटल्यावर नोकरी राहिली नसती, संस्थेवर शिंतोडे उडाले असते. म्हणून मोट्यांनी हे गुपित पोटात ठेवले. मी स्वतः शाळा चालवतो. आपल्या एखाद्या शिक्षिकेने आज असे पुस्तक लिहिले, पालक-शिक्षक संघाची मंडळी पुस्तक हातात घेऊन माझ्या खोलीत आली, तर मी काय करीन? पुस्तक बाजूला ठेवून ‘वाङ्मयात असे चालते हो’ असे सांगण्याइतका मी धीट आहे की नाही, हे त्या दिवशीच कळेल.

दुसरी गोष्ट १ जुलै १९३३ ची. मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. श्री. वि. वर्तकांनी ते नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या १८८३ च्या नाटकावरून घेतले होते. मुलीच्या चारित्र्याची जी कसोटी लावता तीच मुलाच्या चारित्र्याला लावणार का, असे लग्न ठरलेली मुलगी त्यात विचारते. हा प्रश्न मराठी रंगभूमीवर साडी नेसलेल्या पुरुषाने विचारला असता तर प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी गेले असते. बालगंधर्वांच्या त्या काळात स्त्रीने स्त्रीची भूमिका करणे हेच धाडस. नाटकात काम करणाऱ्यांत एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्ना भोळे होत्या. त्या मूळच्या दुर्गा केळेकर, फोंड्याजवळच्या बांदिवड्याच्या. वर्षभर आधी केशवराव भोळ्यांशी लग्न झालेले. त्यांच्या गळ्यातला गोवा मुंबईने त्या संध्याकाळी ऐकला, आणि तो पुढे कित्येक वर्षे ‘कुलवधू’सारख्या नाटकांतून ऐकत राहिली.

एकाच वर्षी एक बाई आपला चेहरा घेऊन लोकांपुढे उभी राहिली, आणि दुसरी चेहरा लपवून बोलली. गाणारीला उभे राहता आले आणि लिहिणारीला नाही, हे कसे? माझ्या मते याचे उत्तर गोव्यात सापडते. गाणाऱ्या बाईची आमच्याकडे परंपरा होती. त्या परंपरेला लोकांनी मान दिला आणि नावेही ठेवली, ती जुनी दुखरी गोष्ट आहे. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर झाल्या. बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाऐवजी गावाचे नाव लावून त्या देशभर गाजल्या. बाळूताईंनीही गावाचेच नाव घेतले, शिरूरकर. पण केरकर हे उजेडातले नाव होते आणि शिरूरकर हा बुरखा होता. गाण्यात बाई दुसऱ्याचे शब्द आपल्या सुरात म्हणते. कथेत शब्दही तिचे असतात, आणि ऐकणाऱ्याला भीती वाटते ती शब्दांची. हे माझे मत. संगीतातल्या जाणकारांना पटेलच असे नाही.

पुढे १९३८ साली बाळूताईंचा विश्राम बेडेकरांशी विवाह झाला आणि त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. विभावरी कोण हे यथावकाश जगाला कळले. सोलापूरला सरकारने ज्यांना गुन्हेगार जमाती ठरवून तारेच्या कुंपणात ठेवले होते, त्यांच्या वसाहतीत त्यांनी अधिकारी म्हणून काम केले. त्यातून १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी आली. तो जुलमी कायदा देशातून १९५२ साली गेला. मालतीबाई २००१ साली वारल्या. शेवटपर्यंत वाचक त्यांना विभावरी शिरूरकर म्हणूनच ओळखत राहिले. जे नाव लपायला घेतले तेच खरे होऊन बसले.

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. तीही देवळाच्या ओसरीवरच्या खाजगी मराठी शाळेत, पोर्तुगीज अमलातच. वाचनालयातून आणलेल्या कादंबरीला ती वर्तमानपत्राचे कव्हर घाली. पाहुण्यांनी विचारले तर ‘पोथी’ म्हणे. एम. ए. च्या अभ्यासासाठी मी ‘कळ्यांचे निःश्वास’ घरी आणले होते. ते तिने दोन रात्रींत वाचले आणि तिसऱ्या दिवशी, भाकऱ्या थापता थापता, मान वर न करता म्हणाली, “हें बायलेन बरयलां. दादल्याक हें कळपाचें ना.” १९३३ साली मोठमोठ्या विद्वानांना जे ओळखता आले नाही, ते चौथी शिकलेल्या बाईने चुलीपुढे बसून ओळखले. मी तिला टोपणनावाची सगळी हकीकत सांगितली. तिला तिचे काहीच नवल वाटले नाही. नाव लपवल्याशिवाय लिहिणार कशी, असे तिने मलाच विचारले.

मग गोव्यातल्या बाईने कथा केव्हा लिहिली? इथे आम्हा मराठीप्रेमी मंडळींना थोडे खाली मान घालून बोलावे लागते. गोव्याच्या बाईचे अंतरंग कथेत मांडणारे १९६३ सालचे एक पुस्तक मला ठाऊक आहे, ते पोर्तुगीज भाषेतले, आणि ते छापले लिस्बनमध्ये. ‘मोंसांव’ म्हणजे पावसाळा हे त्याचे नाव. लेखिका विमला देवी. नाव वाचून कुणालाही ही डिचोलीची नाही तर साखळीची कुणी वाटेल. प्रत्यक्षात त्या बार्देशातल्या ब्रिटोना गावच्या, १९३२ साली जन्मलेल्या, आणि नाव तेरेझा आल्मेदा. ख्रिस्ती घरातल्या मुलीने लिहिण्यासाठी हिंदू बाईचे नाव घेतले! घोडनदीची बाळूताई विभावरी होते, ब्रिटोनाची तेरेझा विमला होते. दोघींच्या कारणांत फरक आहे, पण आपले म्हणणे मांडायला घरच्या नावाबाहेर पाऊल टाकावे लागले, हे दोघींच्या बाबतीत खरे. भाटकार आणि मुंडकार, एकाकी घरे, लग्नाविना राहिलेल्या मुली हे सगळे विमला देवींच्या कथांत आहे. गोव्यातल्या आजच्या पोरांना ती भाषा येत नाही आणि मलाही ती शब्दकोश धरूनच वाचावी लागते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा साक्षरतेचे प्रमाण सुमारे तीस टक्के होते. बायकांचे त्याहून कमी. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि गावोगाव, वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पेडणे-डिचोलीतल्या मुली पहिल्यांदा मोठ्या संख्येने पाटी घेऊन बाहेर पडल्या त्या तेव्हा. माझ्या थोरल्या चुलत बहिणी त्यांतल्याच. दहा वर्षांनी, १९७३ साली, भाऊसाहेबांच्या निधनानंतर त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. जन्म पेडण्याचा, १९७७ साली निवडून गेल्या त्या डिचोलीतून. १९७९ पर्यंत आमच्या भागातली बाई गोव्याचा कारभार पाहत होती. फायलीवर बाईची सही हे दृश्य आम्ही देशातल्या पुष्कळ राज्यांआधी पाहिले.

एवढे असून, त्या मराठी शाळांतून शिकून आलेल्या बायकांच्या कथा-कादंबऱ्यांचा मराठीत जेवढा बोलबाला व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. कोकणीत मात्र झाला. मीना काकोडकरांच्या ‘सपनफुलां’ला १९९१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हेमा नायकांच्या ‘भोगदंड’ला २००२ साली, जयंती नायकांच्या ‘अथांग’ला २००४ साली. शीला कोळंबकर याच रांगेतल्या. भाषावादाच्या काळात आम्ही मराठीच्या बाजूने मोर्चे काढले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने पुष्कळांची मने दुखावली, त्यांत आमच्या घरातल्या मोठ्यांचीही होती. त्या वादात मी पुन्हा शिरत नाही. पण आईचे ते चुलीपुढचे वाक्य आठवले की वाटते, वाचली ती मराठीत, आणि बोलली ती ज्या भाषेत भाकरी थापीत होती तिच्यात. मनातले पहिले वाक्य ज्या भाषेत उमटते तिच्यात कथा लिहिणे बाईला सोपे गेले असेल. पुरुषाला मंचावरची भाषा पुरते. सीमाभागातल्या वाचकांच्या घरातही हे असेच असणार. बेळगावकडच्या आमच्या साडूंच्या घरी आजी कानडीत रागावते आणि मराठीत हरिपाठ म्हणते.

बेळगावचा विषय निघालाच आहे तर कमल देसाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. हुक्केरी तालुक्यातल्या यमकनमर्डीला १९२८ साली त्यांचा जन्म झाला, २०११ साली त्या गेल्या. ‘रंग’ हा कथासंग्रह १९६२ चा. ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ या दोन लघुकादंबऱ्या १९७५ साली एकत्र आल्या. त्यांनी टोपणनाव घेतले नाही. त्यांच्या नायिका कुणाला पटवून देत बसत नाहीत, रडत नाहीत, सुधारणेची मागणीही करीत नाहीत. स्वतःला काय दिसते, काय करायचे आहे, याच्याच मागे त्या लागलेल्या असतात. जग त्यांना वेडे म्हणो. विभावरींच्या नायिकेला निदान प्रेम हवे होते, मूल हवे होते, म्हणजे कुणीतरी हवे होते. कमल देसाईंच्या बाईला बहुधा स्वतःशिवाय कुणी लागतच नाही. खरे सांगायचे तर पहिल्या वाचनात मला त्यातले निम्मे कळले नाही. दुसऱ्या वाचनात कळले, आणि थोडी भीती वाटली. कानडी मुलखाच्या उंबऱ्यावरच्या एका गावातून आलेल्या या बाईने मराठीला जे दिले त्याची जाण आपल्या सीमाभागाने पुरती ठेवलेली नाही.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आता सांगतो. ते माझ्या शाळेतले आहे आणि त्यात चूक माझी आहे.

२००९ सालची गोष्ट. तेव्हा मी मुख्याध्यापक नव्हतो; मराठी-इतिहास शिकवीत होतो आणि शाळेचे हस्तलिखित माझ्याकडे असे. दहावीतल्या एका मुलीने कथा आणून दिली. वहीची सहा पाने, निळी शाई, अक्षर मोत्यासारखे. कथेतली सून नर्सिंगला जायचे म्हणते, सासरचे नको म्हणतात. ती कुणाशी भांडत नाही. एके दिवशी पहाटे उठते, घागर भरून ठेवते, तुळशीला पाणी घालते आणि पेडण्याच्या स्टँडवरून म्हापशाला जाणारी कदंब बस पकडते. बस सुटते, तिथे कथा संपते. शिक्षकखोलीत मी ती दोनदा वाचली. इतकी चांगली कथा आमच्या हस्तलिखितात आधी आली नव्हती, हे मला तेव्हाही कळले होते.

मी मुलीला बोलावले. कौतुक केले. नंतर म्हणालो, शेवट थोडा बदलूया. लोक वाचतील, पालक वाचतील, दहावीच्या मुलीने असे लिहिले म्हणतील. ती संध्याकाळी परत येऊ दे, सासूची समजूत पटू दे. मुलीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने एक वाक्य वाढवून आणले, संध्याकाळच्या बसने सून घरी परत आली असे. सासूच्या समजुतीचे मात्र काही लिहिले नव्हते. “नांव नाका, सर,” एवढेच जाताना म्हणाली. मी अनुक्रमणिकेत लिहिले, ‘एक विद्यार्थिनी’.

तेव्हा मी पदव्युत्तर वर्गात विभावरी शिरूरकर अभ्यासलेला माणूस होतो. त्यांच्यावर तुटून पडलेल्या टीकाकारांना परीक्षेच्या पेपरात मी चांगलेच झोडपले होते, गुणही मिळाले होते.

आजीचा अंगठा असलेले खत सापडले त्याच आठवड्यात मी शाळेतले कपाट उघडून ते हस्तलिखित काढले. त्या कथेचे शेवटचे वाक्य वेगळ्या शाईत आहे. बाकीची सगळी कथा निळ्या शाईत, हे एक काळ्या. चौदा-पंधरा वर्षांत दोन्ही शाया फिकट झाल्या आहेत, पण फरक दिसतो. तिने दुसरे पेन मुद्दाम वापरले की तिच्या हाताशी तेवढेच होते, मी विचारले नव्हते.

ती मुलगी नर्स झाली नाही. ती बँकेत आहे, कोल्हापुरात, घर-संसार आहे. तिच्या भावाकडून मी पत्ता मिळवला आणि दोन ओळींचे पत्र टाकले की शाळेच्या या वर्षीच्या अंकात ती कथा पुन्हा घ्यायची आहे, पहिल्या शेवटासह. नाव द्यायचे की नाही ते तू ठरव. गणपतीच्या आधी उत्तर आले. तिने कथेची स्वच्छ प्रत करून पाठवली होती. बस सुटते तिथेच ती थांबते. मध्ये एक परिच्छेद मात्र तिने नवा घातला आहे. सून बसमध्ये कंडक्टरकडे सुटे पैसे देते, आणि तो विचारतो, परतीचे तिकीट हवे का. ती काय म्हणाली ते लिहिलेले नाही.

पाकिटात वेगळी चिठ्ठी होती. नावाचे घरी बोलून कळवते, असे तिच्यात लिहिले होते. अंक छापायला दसऱ्यानंतर जाणार आहे. अनुक्रमणिकेत त्या कथेपुढची जागा मी मोकळी ठेवली आहे.